गार पाऊल

होस्टेलवर कुणी कापराचं तेल चोळलं की मला बाबांचं उजवं पाऊल आठवतं. उजव्या जांघेतून नळी घालून त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच परीक्षेला निघताना मी त्यांच्या पाया पडले, तर डावं पाऊल उबदार आणि उजवं माठासारखं गार. आई तेच पाऊल तेलानं चोळत होती. “एसीनं गारठलं असंन,” ती म्हणाली. “जाय ना माय, गाडी चुकन तुही,” बाबा म्हणाले. नखं निळसर दिसली, तशी मी घाबरत सिस्टरला बोलावलं. तिनं घोट्याजवळ नाडी चाचपली, ती लागेना, तशी ती डॉक्टरांकडे धावली. पायात अडकलेली रक्ताची गाठ काढेपर्यंत मी दप्तर खांद्यावरून उतरवलं नाही. अजूनही घरून निघताना बाबा आशीर्वाद देऊन मोकळे होतात, पण दोन्ही पावलं सारखी उबदार लागेपर्यंत माझे हात उठत नाहीत.