गिटारमधला नॉइज

मला अर्धांगवायूचा झटका हलका आला, असं डॉक्टर म्हणाले. हलका म्हणजे त्यांच्या मते. त्यानंतर माझा उजवा हात चहाचा कप उचलायचा, शर्टाची बटणं लावायचा, फक्त गिटारची तार जोरात छेडायची म्हटली की ढिला पडायचा. आणि मला नेमकं तेच हवं होतं. कोपरखैरण्यात आमचा ऑर्केस्ट्रा आहे. तुर्भ्याला नोकऱ्या करणारी पाच-सहा माणसं मिळून आम्ही जयंतीचे, हळदीचे कार्यक्रम करतो. त्यात गिटार माझी. बाकी माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही.

तार हळू वाजते म्हणून मी प्रोसेसरवर गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचा जोर, वाढवला. प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची पेटी. गिटारचा आवाज तिच्यातून हवा तसा होऊन स्पीकरला जातो. पण गेन वाढवला की बारीक सुराबरोबर वायरीतला कचराही मोठा होतो. गाणं जरा थांबलं की स्पीकरमधून कुकरची वाफ सुटल्यासारखी फुसफुस यायची. मी वायर बदलली, अ‍ॅडाप्टर बदलला, लायटिंगचा बोर्ड सोडून दुसरीकडून करंट घेतला. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. पण तेव्हा हे कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

आमचा कीबोर्डवाला माझा कॉलेजपासूनचा दोस्त. ऑर्केस्ट्रा तोच चालवतो. एकदा प्रॅक्टिसला तो माझ्या पायाशी वाकला आणि म्हणाला, “टेन्शन नको घेऊ. मी गेट लावतो.” नॉइज गेट हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. ठरलेल्या जोराच्या खालचा आवाज तो बाहेर सोडत नाही, आणि तो जोर किती हे एका बटणावर ठरतं. त्याने बटण फिरवलं आणि फुसफुस गेली. मी त्याला मिठी मारली. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

पुढचे काही महिने फार सुखात गेले. गाण्यात माझा एकट्याचा तुकडा आला की मी डोळे मिटून वाजवायचो आणि स्पीकरमधून स्वच्छ सूर पडायचे. कधी बोट घसरायचं, तरी सूर चुकायचा नाही. शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मी मात्र फिजिओथेरपीच्या बाईंना सांगून आलो की हात सुधारलाय. हळदीत लोक येऊन पाठ थोपटायचे, तेव्हा बाकीचे वाजवणारे मान खाली घालून वायरी गुंडाळत असायचे.

एका रविवारी सकाळी गाळ्यात प्रॅक्टिस चालू होती. माझा तुकडा अर्ध्यावर आला आणि कीबोर्डवाल्याचा फोन वाजला. त्याने कीबोर्डवरचे हात काढून फोन घेतला. गिटार थांबली. माझी बोटं चालू होती, तार हलत होती, आणि गिटार थांबली होती. ढोलकीवाला आणखी दोन ठोके वाजवून गप्प झाला आणि छताकडे बघत बसला.

मी मूर्ख असेन, बहिरा नाही. कीबोर्डमध्ये गिटारचाही आवाज असतो. माझा तुकडा तो वाजवत होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गेट लावला तेव्हापासून.” त्याने फोन खिशात टाकला.

“तू नॉइज बंद करणार होतास. मला नाही.”

“दोन्ही एकाच वायरमधून येतं ना, भावा. तुझा हात आता नॉइजएवढाच वाजतो. नॉइज बंद केला की तू पण बंद.”

“मग काढून टाकायचं होतं मला.”

“आमी काढणारच होतो. वहिनी आल्या होत्या सांगायला, नका काढू म्हणून.”

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. मी काय बोललो ते सगळं तिने ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणाली. “तुम्ही घरात बसला असता तर आमचंच डोकं खाल्लं असतंत. तिकडे उभे राहत होता, खूश होता. अजून काय पाहिजे होतं?” तिने लपवलं याचा मला तेवढा राग आला नाही. इतके दिवस पहिल्या रांगेत बसून ती दोस्ताच्या वाजवण्यावर मान डोलवत होती आणि मी इकडे छाती फुगवत होतो, याचा आला. त्या दिवशी मी जेवलो नाही. तिने आग्रहही केला नाही.

जयंतीचा कार्यक्रम मैदानात होता. स्टेजवर चढण्याआधी मी दोस्ताला म्हणालो, “आज माझ्या तुकड्याला तू हात लावायचा नाही.”

“लोकांसमोर?”

“लोकांसमोरच.”

“बघ बाबा,” तो म्हणाला आणि हसला.

तुकडा आला. मी वाकून गेटचं बटण शून्यावर आणलं. ती फुसफुस उंच स्पीकरमधून मैदानभर पसरली. पुढे बसलेल्या एका आजींनी पदराने कान झाकले. मागून कोणीतरी ओरडलं, “ए, ती मशीन बंद करा रे.” मी वाजवायला लागलो. पहिला सूर दबलेला, दुसरा उशिरा, तिसरा आलाच नाही. दोस्ताने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून सगळ्यांना दिसतील असे वर धरले होते. मीच तसं सांगितलं होतं ना. बायको माझ्याकडे बघत होती आणि तिची मान हलत नव्हती. खुर्च्यांमध्ये हसण्याची एक लाट उठली. झटक्यानंतर पहिल्यांदाच मी माझं वाजवणं लोकांबरोबर ऐकत होतो. असा गिटारवाला दुसऱ्या कुठल्या ऑर्केस्ट्रात दिसला असता तर त्याची टर उडवण्यात मीच पहिला असतो.

टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या गाण्याची अनाउन्समेंट चालू झाली तेव्हा दोस्त कीबोर्डमागून आला, माझ्याकडे न बघता पायाशी वाकला आणि गेटच्या बटणाला हात घातला. मी पाय बाजूला घेतला.

“अजून थोडं फिरव,” मी म्हणालो.