ट्रकच्या पोटावरचं नाव

"नाव जसं होतं तसंच कोरा. इंग्लंडचं," क्लायंटनं जुन्या डायवर बोट ठेवलं.

डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात वितळलेलं झिंक दाबानं भरलं की तळहाताएवढा ट्रक बाहेर येतो. हा डाय एका इंग्लिश खेळणी कंपनीचा. कंपनी बुडाली, डाय विकले गेले, काही भारतात आले. इथल्या कारखान्यांनी पोटावरचं नाव खरवडून त्यांतून वर्षानुवर्षं गाड्या काढल्या. आमच्या कारखान्यात डायचं काम मी बघते, आणि या गृहस्थाला आमच्याकडून ते नाव परत हवं होतं. सोलापूरच्या एमआयडीसीत आज ओतलेला ट्रक जुना, अस्सल म्हणून शौकिनांच्या गळ्यात मारायचा होता.

"ही बनवाबनवी झाली," मी म्हणाले. "सोलापूर लिहू की."

"सोलापूरच्या ट्रकला कोण विचारतंय? तुम्ही चादरी विका, मॅडम."

माझं डोकंच सणकलं. माझ्या आईनं चादरीच्या कारखान्यात जन्म काढलाय.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "सरवदे मॅडम, ही ऑर्डर गेली तर कास्टिंग सेक्शन बंद करावं लागंल. सहा माणसं हायत तितं. टाका की कोरून."

"न्हाय कोरणार."

"मग दुसरं कुणीतरी कोरंल."

त्याच्या आधी मीच कोरायचं ठरवलं, पण 'सोलापूर'. नावाचा तुकडा डायमध्ये सुटा बसतो, त्याला इन्सर्ट म्हणतात. मी कुणाला न विचारता नवा इन्सर्ट करायला घेतला. आमचे एनग्रेव्हर, म्हणजे अक्षरं कोरणारे, नरसय्या अण्णा पूर्वी चादरीच्या जॅकार्ड मागावर होते. चादरीवर विणलेलं नाव मागून उलटं दिसतं, त्यामुळे उलटी अक्षरं अण्णा पेपरासारखी वाचतात. डायमध्येही नाव उलटंच कोरायचं, तेव्हा ते ट्रकवर सुलटं उमटतं. अण्णांनी 'सोलापूर' उलटं काढून दिलं. मी रागाच्या भरात ते कॉम्प्युटरवर परत मिरर केलं, म्हणजे उलट्याचं पुन्हा सुलटं करून बसले.

सॅम्पल निघालं. सगळ्यांसमोर मी ऐटीत ट्रक पालथा केला. नाव उलटं!

क्लायंट खो खो हसला. "यांना स्वतःचं गाव लिहिता येईना!"

लाज वाटली. पण मागं हटले नाही. "चूक माझी. नाव उलटं आलंय, खोटं नाही. तुमचं सुलटं आलं असतं तरी खोटंच होतं."

अण्णांनी ट्रक हातात घेतला. "मला तर बराबर वाचता येतंय की."

मालकांना हसू आवरेना. मग ते क्लायंटकडं वळले. "साहेब, तुमचा डाय घेऊन जावा. माणसांचं मी बघतो, पर गावाला हसणाऱ्याचं काम नको आमाला."

ऑर्डर गेली. कास्टिंग सेक्शन दोन महिने थंड होतं. सहाही जणांना मालकांनी मशीन शॉपमध्ये घेतलं. तेवढ्या वेळात मी आमचा स्वतःचा डाय केला. सांगोल्याकडं उन्हाळ्यात फिरतो तसला पाण्याचा टँकर. पहिला लॉट शौकिनांनीच उचलला. त्यातला एक फोनवर विचारत होता, "पोटावर गावाचं नाव कशाला?"

"तिथं बनतो म्हणून," मी म्हणाले.

धडा एवढाच: कितीही राग आला तरी मिरर एकदाच करायचा.