टोपली यायची, हाक नाही

दोक्तोरा सुहेरशी कामापलीकडे बोलणारं माणूस अख्ख्या अलेक्झांड्रियात एकच, आणि तेही चौथ्या मजल्यावरचं. इमारतीच्या तळाला सुहेरचं औषधांचं दुकान, म्हणून गल्लीसाठी ती दोक्तोरा, आणि वर सित इन्शिराह, म्हणजे इन्शिराहबाई, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली बाई. दोरीला बांधलेली टोपली बाल्कनीतून खाली सोडायची आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "काय ग दोक्तोरा, जागी आहेस की स्वतःचंच औषध घेऊन झोपलीस? वर ये, मुलुखियाची भाजी केलीय."

"चार जिने कोण चढणार? तुम्हीच उतरा."

"मी उतरले की थेट कबरीतच ग बाई."

टोपलीत गोळ्यांची रिकामी पट्टी असायची. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवरची ती जहाल गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही अशी. पण एवढ्या वर्षांच्या शेजारणीकडे चिठ्ठी कसली मागता? बाल्कनीचा कठडा विटांचा, खालून माणूस दिसत नाही. तरी टोपली ओळखीची असताना दोरी कोणाच्या हातात आहे असं विचारणं म्हणजे त्या गल्लीत अपमानच. सुहेर नवी पट्टी ठेवायची, दोरीला हिसका द्यायची, टोपली वर.

ईदला मात्र ती वर गेली नाही. म्हातारीने दोनदा हाका मारल्या, पण सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं सुहेरच्या जिवावर आलं. दार लावून एकटीच पडून राहिली. त्यानंतर टोपली यायची, हाक यायची नाही. रुसलीय, सुहेरने ठरवलं. रुसू दे, मी नाही आधी बोलणार. पट्ट्या पूर्वीपेक्षा लवकर रिकाम्या व्हायला लागल्या, तेही तिला दिसलं. थंडीने दुखत असेल, म्हणाली. दिवसच्या दिवस ती ओठ मिटून दुकानात बसायची आणि घरी जाऊन तशीच झोपायची. मान वर करून एक हाक मारायला सुहेरचं काय जात होतं, सांगा बरं!

एका दुपारी तिने हिसका दिला तरी टोपली हलेना. पुन्हा दिला. मग तिने हाक मारली, "सित इन्शिराह!" उत्तर नाही. सुहेर धापा टाकत चारही जिने चढली. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईकडे किल्ली होती.

"म्हातारी? ती ईदनंतर लगेच लेकीकडे गेलीय, तांताला, डोळ्याच्या ऑपरेशनला," दार उघडता उघडता ती बाई म्हणाली. "नातवाची परीक्षा, म्हणून तो राहिलाय."

सोळा वर्षांचा नातू हातिम बाल्कनीत पडला होता. आकडी येऊन दातखीळ बसलेली, तोंडाला फेस.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय याने? लवकर सांगा."

"ही पोरं रस्त्यावरून काय वाट्टेल ते आणतात हो," सोबत आलेली किल्लीवाली शेजारीण म्हणाली.

सुहेरला नुसती मान डोलावता आली असती. पण नाव कळलं नाही तर पोरगं हातचं जाणार, आणि नाव सांगितलं तर दुकान. "रस्त्यावरून नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून." आणि तिने गोळीचं नाव सांगितलं. शेजारीण तिच्यापासून सरकून बसली आणि थोड्या वेळाने घरी निघून गेली.

संध्याकाळी पोरगं शुद्धीवर आलं. बाप कुवेतला, आजी वाटेत. खाटेपाशी सुहेर एकटीच.

"का घ्यायचास रे?"

"घर फार शांत होतं. गोळी घेतली की काही वाटायचं नाही. आजी तांताला जातेय असा तुमच्यासाठी निरोप ठेवून गेली होती. मीच सांगितला नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पट्टी दिली नसती."

"नसतीच दिली."

"पण रोज टोपली सोडताना वाटायचं, आज तरी दोक्तोरा ओरडून विचारतील, वर कोण आहे रे. आजीच्या हाकेला कसं ओरडून उत्तर द्यायचात. मग बंद का केलंत?"

"मी रुसले होते रे," सुहेर म्हणाली, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई त्या पोरासमोर रडायला लागली.