समीरच्या उंचीचा माईक

मंडळी, आमच्या रॉक बँडचा सहा फुटी गायक समीर जहाजावर नोकरीला गेला. म्हणून आज श्रीवर्धनला, आमच्या सुपारीच्या वखारीत, नव्या गायकासाठी ऑडिशन ठेवली होती.

येईल तो टाचा उंचावून गात होता आणि आम्ही नाकं मुरडत होतो, “समीरसारखं नाही जमत!”

शेवटी म्हसळ्याहून आलेली रुबिना म्हणाली, “दादा, आधी माईक खाली घेऊ का?”

आमचा ड्रमर पटकन बोलला, “नको, ती समीरची उंची हाय.”

आम्ही सगळे उठून स्टँडपाशी गेलो.

स्टँडचा स्क्रू खाऱ्या हवेनं गंजलेला. मीच खोबरेल तेल घालून सोडवला.

रुबिना टाचा टेकवून गायली. समीरसारखं अजिबात नाही. उद्यापासून तीच गाणार.

तुमच्याकडे निघून गेलेल्या कुणाच्या उंचीवर काय अडकलंय?