गुलाब पेंटरचं अस्वल

भवानीनगरात कुणी पाटी रंगवायला सांगायला आलं, की गुलाब पेंटर आधी त्याला चहा पाजत आणि मग त्याच्या अक्षराला नावं ठेवत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि कामं आटली. चाचांचा ताठा मात्र आटला नाही. "फ्लेक्स म्हंजी फोटू. त्यात हात कुठं हाय?" असं विचारायचे आणि उत्तराची वाटही बघायचे नाहीत.

बर्लिनच्या एका शाळेचे शिक्षक आमच्या शाळेत येणार होते. मी भूगोल शिकवते, म्हणून स्वागत माझ्या गळ्यात पडलं. फाटकाजवळ तिरंगा आणि त्यांच्या राजधानीचा झेंडा काढायचा होता. मुख्याध्यापकांना फ्लेक्स हवा होता. चाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सर, ही भिंत मला द्या. पसंत पडली न्हाय, तर पुन्हा ब्रश धरणार न्हाय." सरांनी भिंत दिली आणि फ्लेक्सही छापून ठेवला. सर तसे सावध गृहस्थ.

बर्लिनचा झेंडा तसा सोपा. वर-खाली लाल पट्टे, मधल्या पांढऱ्यावर दोन पायांवर उभं काळं अस्वल, लाल जीभ, लाल नख्या. मी मोबाइलवर चित्र दाखवलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर अस्वल देखणं, पण नाकात वेसण आणि खाली लोंबणारी दोरी.

"चाचा, ही दोरी कुठून आली?"

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग मोबाइलकडं. "ह्यात न्हाय व्हय? बाई, आमच्या गावाला, डाळजला, लहानपणी दरवेशी अस्वल नाचवायला यायचा. मी जल्मात दोरीबिगर अस्वल बघितलंच न्हाय. हात आपसूक गेला."

मी सांगितलं, की बर्लिनच्या अस्वलाच्या गळ्यातही पूर्वी पट्टा असायचा. पुढं शहरानं तो काढून टाकला, आता ते मोकळं उभं असतं. चाचांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि चित्र पुन्हा निरखलं.

तेवढ्यात सर आले. "दोरीवर पांढरा रंग फिरवा, कोण बघतंय? नाहीतर फ्लेक्स आहेच."

"दोरी पुसून भागत न्हाय सर. मान बगा, खाली वढलेली हाय. ह्ये नाचायला हुबं हाय."

खरंच तसं होतं. चाचांनी पत्रा घेतला आणि अख्खं अस्वल खरवडून काढलं. दिवसभर उन्हात ते भिंतीपासून हलले नाहीत, जेवायलासुद्धा. संध्याकाळी मान वर केलेलं नवं अस्वल उभं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतल्या वयस्कर बाई त्याच्यापुढं थबकल्या. आमच्याकडचं इतकं रुबाबदार नाही, म्हणाल्या. फ्लेक्स पुढं खिचडीच्या शेडवर गेला, आणि सरांनी स्वतःहून मागची भिंत चाचांना दिली.

चाचा आता नाहीत. भिंत आहे. नवी मुलं दरवर्षी विचारतात, "बाई, हे अस्वल कुणाचं?" नवं अस्वल पुरं झालं त्या संध्याकाळी मुलांनी हेच विचारलं होतं, तेव्हा चाचा ब्रश पुसता पुसता जे बोलले, तेच मी सांगते.

"कुणाचंच न्हाय."