सुरक्षिततेचा पहिला तास

उपयोजित रसायनशास्त्राच्या पीएच.डी. अभ्यासक्रमात 'सुरक्षितता' हा विषय आला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या काकांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. संशोधकाला स्वतःच्या जिवाची काळजी घेता यावी, असं उद्दिष्ट छापलं होतं. काकांनी तीस वर्षं संशोधकांची काचेची भांडी आम्लाने धुतली, तीही उघड्या हातांनी. हातमोजे मागितले की साहेब "बघू" म्हणत, आणि ते बघणं काही संपलं नाही. हातमोजे आले ते या विषयाबरोबर, तेही विद्यार्थ्यांपुरते.

पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी काकांना वर्गात बोलावलं. "काका, जरा हात दाखवा."

सोललेली कातडी, झडलेली नखं. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग दरवर्षी हेच.

"शेवटी पीएच.डी.च्या वर्गात बसलात म्हणायचं," बायको म्हणाली.

"बसलो कुठला? उभाच होतो."

निवृत्तीच्या दिवशी बाई मोबाइल घेऊन आल्या. "पुढच्या वर्षी तुम्ही नसणार काका. एक फोटो काढून ठेवते."

काकांनी केसांवरून कंगवा फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"चेहरा नको हो," बाई म्हणाल्या. "फक्त हात."