भांडं कोणाकडे आहे?

माझ्या सासऱ्यांना जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, अर्ध्या तासात तिथली माणसं त्यांच्यापुढे आपली घरगुती भांडणं मांडून बसतील. मला मात्र अकरा वर्षं एकाच गल्लीत ठेवलं तरी शेजारच्या कुत्र्याखेरीज कोणी ओळखत नाही. मी पुण्याचा आणि ते नागपूरचे, असं म्हणून हे झटकताही येत नाही, कारण बायको म्हणते, पुण्यातसुद्धा तुझ्याइतकी घुमी माणसं कमीच.

शिकागोच्या दक्षिण भागात, बहुतांश ब्लॅक वस्तीत, आम्ही घर घेतलं ते परवडलं म्हणून. शॉमबर्गच्या उपनगरातली देशी मित्रमंडळी विचारायची, "तिकडे? सेफ आहे का यार?" त्यावर मी छाती फुगवून भाषण ठोकायचो की अरे, काय झकास वस्ती आहे, कोपऱ्यावरचं कॅफे म्हणजे तर आमचं दुसरं घर. या दुसऱ्या घरात मी रोज जायचो हे खरं. फोनवरून ओट मिल्कवाल्या कॉफीची ऑर्डर द्यायची, कानातला इयरफोन न काढता काउंटरवरचा कप उचलायचा आणि मान हलवून पळायचं. मालक म्हणजे आयुष्यभर सिटी बस चालवून रिटायर झालेले उंच, संथ ब्लॅक गृहस्थ. एवढीसुद्धा माहिती मला सासऱ्यांकडून मिळाली.

सासूबाई गेल्या त्या वर्षी बायकोने वडिलांना इकडे आणलं. नागपूरच्या रिकाम्या घरात त्यांनी एकट्याने बसू नये, निदान व्हिसाचे सहा महिने तरी आपल्याजवळ राहावं, एवढंच तिचं म्हणणं. सासरे खिडकीशी बसून बर्फाकडे बघायचे आणि रोज सकाळी चहाबरोबर एकच विचारायचे, "जावईबापू, तिकीट कधीचं मिळते?" बायको आत जाऊन डोळे पुसायची. मी म्हणायचो, "बघतो." पुण्यात 'बघतो' म्हणजे नाही, हे नागपूरकरांना ठाऊक नसावं.

त्यात एकदा माझी मीटिंग चालू असताना ते बनियनवर मागून आले आणि कॅमेऱ्यापुढे थांबून त्यांनी माझ्या मॅनेजरला वाकून नमस्कार केला. मॅनेजरनेही उभं राहून केला. दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या वेळेला मी त्यांना कॅफेत नेऊन बसवलं आणि घरी पळालो. घ्यायला गेलो तर गृहस्थ कोट काढून, बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून ओरडत होते, "घोडा! अरे बाप्पा, घोडा काढा न!" आणि समोरचा निमूटपणे घोडा काढत होता. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही यांचे जावई? आम्ही तुम्हाला इतकी वर्षं 'ओट मिल्क' म्हणतो."

त्या दिवशी नेमकी एकादशी. मालकांनी सासऱ्यांपुढे, आपल्या आईच्या निळ्या काठाच्या इनॅमलच्या भांड्यात, स्वीट पोटॅटो पाय ठेवला होता, म्हणजे मैद्याच्या पारीत थापलेलं गोड रताळं. "रताळं उपासाला चालते," असा निवाडा देऊन सासऱ्यांनी चमच्याने वरचं रताळं खाल्लं आणि पारी माझ्याकडे सरकवली, "हे तुम्ही घ्या. तुमचा कुठं उपास आहे?" त्या रताळ्यात अंडंही असतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. उरलेला पाय मालकांनी भांड्यासकट घरी नेऊ दिला.

भांडं मी लख्ख घासून परत द्यायला निघालो, तर सासरे दारात आडवे. "रिकामं? जावईबापू, लोक काय म्हणतील!" त्यांनी कोथिंबीर आणवली, सांबारवड्या, म्हणजे आपल्या पुण्याच्या कोथिंबीरवड्या, तळल्या, घरातला स्मोक अलार्म वाजवला आणि भरलेलं भांडं माझ्या हातात दिलं. पण मालकांच्या मिसिसिपीकडच्या आईचीही तीच शिस्त निघाली. भांडं मक्याचा कॉर्नब्रेड घेऊन आलं, बेसनाच्या पातोड्या घेऊन गेलं, पीचचं गोडधोड कॉबलर घेऊन आलं. दोघेही हटेनात. बर्फातून ने-आण करणारा हमाल मी, आणि दोन्हीकडचं उरलंसुरलं खाऊन पँटचं बटण तोडणाराही मीच. एके सकाळी बायको हळूच म्हणाली, "ऐक ना, बाबांनी बऱ्याच दिवसांत तिकिटाचं विचारलं नाही." त्या दिवसापासून मी कुरकुर न करता हमाली केली.

सहा महिने संपले. एअरपोर्टवर लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. म्हणाले, "भांडं आपल्याकडे आहे."

मला चहापलीकडे काही येत नाही. मी भारतीय दुकानातून महागातले पेढे आणून भांड्यात रचले आणि ऐटीत कॅफेत गेलो. मालकांनी एक पेढा खाल्ला. "कोणी केले?"

"दुकानातले आहेत."

त्यांनी पेढे बुद्धिबळवाल्यांना वाटले आणि भांडं मला परत केलं. "मग पाळी अजून तुमचीच."

घरी येऊन नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांच्या देखरेखीखाली शिरा केला. खाली लागला, वर कच्चा राहिला. मालकांनी तो उभ्या उभ्या शेवटच्या कणापर्यंत खाल्ला आणि म्हणाले, "तुमचे सासरे म्हणाले होते, जावई सोन्यासारखा आहे, फक्त हात चालत नाहीत." इतकी वर्षं त्या घरचा जावई असून हे पहिलं सर्टिफिकेट, तेही कॅफेतून मिळालं. मला भरूनच आलं.

आता मला तिथे नावाने हाक मारतात. इयरफोन खिशात असतो. बुद्धिबळाच्या टेबलाशी सासऱ्यांची खुर्ची तशीच आहे. कोणी नवखा बसला तर म्हातारे त्याला प्रेमाने उठवतात.

दर रविवारी सासऱ्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न, "भांडं कोणाकडे आहे?" मग बाकीचं. मध्यंतरी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं; डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद म्हणून सांगितलंय. ते त्यांनाही ठाऊक आहे. तरी मागच्या रविवारी भांड्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, तिकीट कधीचं मिळते?"

बायको उठून आत गेली. मी म्हणालो, "बघतो, बाबा."

आणि खरंच बघतो. रोज सकाळी, चहाबरोबर.